आत्यांचे गळ

परवा कामावरून परतताना पुलावर स्कूटर उभी केली. मागून येणाऱ्या ट्रॅक्टरवाल्यानं हॉर्न वाजवून मला बाजूला व्हायला लावलं, तरी मी कठड्याशी जाऊन उभी राहिलेच. खाली कृष्णा निवळली होती. पावसाळाभर तांबड्या मातीचा लोट घेऊन धावणारी नदी काठाकाठानं हिरवी दिसत होती. आषाढापासून बुडालेल्या घाटाच्या खालच्या पायऱ्या पाण्यातून वर डोकावायला लागल्या होत्या.

घरी येऊन आत्यांना सांगितलं, "आत्या, पाणी निवळलं."

त्या सोप्यात शेंगा फोडत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मग हुबी काय राह्यलीस? डबी काढ."

आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात. या आत्यांच्या घरात आश्विन कसा येतो, ते सांगायचं तर त्या डबीपासून सुरुवात करावी लागते. बाहेर सोयाबीनच्या मळणीचा धुरळा उडत असतो. भुईमूग उपटलेल्या रानाचा ओला वास गल्लीपर्यंत येतो. दुपारचं ऊन पाठीला चटके देतं आणि पहाटे पांघरूण ओढून घ्यावंसं वाटतं. हे सगळं सगळ्यांच्याच घरी असतं. आमच्या घरी मात्र एक पितळेचा जुना कुंकवाचा करंडा उघडला जातो. त्यात कुंकू नसतं. खोबरेल तेलात भिजवलेला कापूस असतो, आणि कापसात निजवलेले मासे धरायचे गळ. करंड्याचं झाकण फिरवलं की तेल, लोखंड आणि जुना कापूस यांचा मिळून एक वास येतो. माझ्यासाठी ऋतू बदलल्याची वर्दी तीच.

गळ पहिल्यांदा माझ्या हातात आले ते साल मला अजून जसंच्या तसं आठवतं. काही वर्षं झाली त्याला. माझे यजमान विजय तेव्हाही सैन्यात, पार उत्तरेला, बर्फात. मामंजी, म्हणजे माझे सासरे, तेही फौजीच, निवृत्त हवालदार. आदल्याच उन्हाळ्यात ते गेले. तोवर मी सांगलीत खोली घेऊन राहत होते आणि कुपवाडला कामाला जात होते. मामंजी गेल्यावर आत्या घरात एकट्या पडल्या, म्हणून मी खोली सोडून गावी राहायला आले आणि रोज स्कूटरवरून कुपवाड गाठू लागले.

माझं काम धार लावायचं. बोथट झालेली ड्रिलं, कटर, लेथवरची हत्यारं आमच्या शेडमध्ये येतात आणि आम्ही त्यांना पुन्हा धार देऊन पाठवतो. माझं माहेर लोणंदचं. वडिलांचं तिथं रस्त्याकडेला छोटं लेथचं वर्कशॉप. लहानपणापासून ठिणग्या बघत वाढले, आयटीआय केलं आणि या कामात पडले. हे काम मला येतं, आणि चांगलं येतं. हे सांगताना मी आवाज खाली आणत नाही.

पण गावात आल्यावर माझ्या कामाकडं बघणारे डोळे वाढले. मामंजींचे थोरले भाऊ, आम्ही त्यांना आण्णा म्हणतो, शेजारच्याच घरात राहतात. माणूस वाईट नाही. मामंजी दवाखान्यात होते तेव्हा आण्णा बाहेरच्या बाकड्यावरून हलले नव्हते. पण त्यांच्या मनात घराची एक रीत पक्की बसलेली. पितृपंधरवड्यात एका सकाळी ते आमच्या सोप्यात येऊन बसले, चहा घेतला आणि म्हणाले, "वैशाली, तू फौजी माणसाची बायको. तिकडं गड्यांच्यात हुबं राहून मशीन चालवतीस, ह्ये बरं दिसत न्हाई. आता घरात एकटी बाई हाय, ऊस हाय, गुरं हाईत. दिवाळीनंतर बंद कर त्ये."

मी आत्यांकडं बघितलं. त्या चुलीपुढं भाकरी थापत होत्या. थापायचा आवाज थांबला नाही, आणि त्या बोलल्याही नाहीत.

त्या दिवशी विजयचा फोन आला तेव्हा मी सगळं सांगितलं. पलीकडं वारं घोंघावत होतं. ते म्हणाले, "आई म्हणंल तसं कर. मी हितनं काय सांगणार?" मला राग आला. सीमेवर पुढं उभा राहणारा माणूस घरातल्या प्रश्नात मात्र मागच्या ओळीत जाऊन उभा राहिला होता. पण त्यामुळं एक गोष्ट स्पष्ट झाली. माझं काम राहणार की जाणार, हे आता आत्यांच्या एका शब्दावर होतं. आणि आत्या तो शब्द काढत नव्हत्या.

आत्यांचं गप्प बसणं हे नदीवर बसणाऱ्या माणसाचं गप्प बसणं आहे. त्यात राग नसतो, टाळाटाळही नसते. पण समोरच्याला ते कळायला वर्षं जावी लागतात, आणि माझी तेवढी वर्षं त्या घरात झाली नव्हती. शेतकऱ्याच्या, त्यातून फौजी घराण्यातल्या बाईनं गळ घेऊन घाटावर बसायचं, हे आमच्या भागात कुणी ऐकलेलं नाही. आत्या बसायच्या. नऊवारीचा काष्टा नीट खोचून, डोक्यावर पदर, हातात बांबूची काठी, पाण्यावर तरंगणारं मोरपिसाचं देठ, आणि त्यावर खिळलेली नजर. घाटावर धुणं धुणाऱ्या बायका त्यांच्यापासून जरा लांब धोपटायच्या, म्हणजे मासा बुजू नये. हा मान त्यांना गावानं कधी आणि कसा दिला, हे मला ठाऊक नव्हतं.

त्या साली पाणी भाद्रपदातच निवळलं आणि त्या सकाळी नदीवर जायच्या आणि मी कामावर निघायच्या आत परतायच्या. एकदा परतल्या, बादली रिकामी. दुसऱ्यांदाही रिकामी. "मासा लागतुया, पण सुटतुया," एवढंच म्हणाल्या. मग एका सुट्टीच्या सकाळी अंगणात आले, तर त्या उन्हाला पाठ करून बसलेल्या. मांडीवर निसणा, म्हणजे धार लावायचा त्यांचा काळा गुळगुळीत दगड. चिमटीत गळ. गळ दगडावर टेकवायचा, नि हात थरथरायचा. टोक दगडावर सरळ चालण्याऐवजी उड्या मारायचं. त्या थांबायच्या, उजवा हात डाव्यानं दाबून धरायच्या, पुन्हा सुरू करायच्या. मी दारात उभी होते. मला कळलं की मासे का सुटत होते. आणि हेही कळलं की त्यांनी हे कुणाला सांगितलेलं नाही.

मी शेजारी जाऊन बसले. "आत्या, मी लावू?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. डोळे बारीक केले. "तुझ्या त्या मशिनीवर? ने की मग. सगळेच ने. एका झटक्यात हुतील."

"मशिनीवर नको," मी म्हणाले. "एवढी बारीक तार चाकाला लागली की लगेच तापंल, निळी पडंल. पाणी उतरंल तिचं. मग मासा लागला की गळ सरळ हुईल. ह्ये दगडावरच करायचं काम हाय."

पोलाद तापवून थंड करतात, तेव्हा त्याला पाणी दिलं असं म्हणतात. पुन्हा नको तेवढं तापलं की ते पाणी उतरतं आणि पोलाद मऊ पडतं. शेडमध्ये नव्या माणसाला आम्ही पहिल्यांदा हेच शिकवतो. पण आत्यांना ते कुणी शिकवलेलं नसतानाही माहीत होतं, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. त्यांनी मला विचारलं नव्हतं. माझी परीक्षा घेतली होती.

"कोण म्हणलं तुला पाणी उतरतं म्हणून?"

"रोज बघती की मी."

त्यांनी निसणा माझ्या मांडीवर सरकवला. गळ माझ्या तळहातावर ठेवला. "बस हितं. ऊन पाठीला घे, डोळ्याला नगं."

त्या सकाळपासून आमच्यात बोलणं सुरू झालं. म्हणजे गळाबद्दलचं. मी पकडीत गळ धरायचे आणि दगड टोकाच्या दिशेनंच ओढायचे, उलट कधीच नाही. टोकाला तीन बाजू पाडायचे, जसं आम्ही बारीक हत्याराला करतो तसं. आत्या बाजूला बसून बघायच्या. पहिला गळ मी एवढा बारीक केला की टोक उन्हात दिसेना. मोठ्या ऐटीत त्यांच्याकडं दिला. त्यांनी तो नखावर टेकवून हळूच ओढला. गळ नखात रुतला, सरकला नाही. म्हणजे धार आली. तरी त्यांनी मान हलवली.

"लय बारीक केलंस. मरळाचं तोंड आतनं हाडाचं असतंय. ह्ये टोक त्याला लागलं की मुरडतंय. जरा मागं थांबायचं."

"किती मागं?"

"तुला वाटतंय आणखी एकदा फिरवावं, त्याच्या आदी."

हे वाक्य मी शेडमध्ये आजही मनाशी म्हणते. हत्यार हातात असलं की आणखी एकदा फिरवायचा मोह होतोच.

आत्यांच्या दगडावर खड्डे पडले होते. इतकी वर्षं एकाच जागी घासून तो मधोमध खचला होता. मला वाटलं, एखादा बारीक दाण्याचा दगड मिळाला तर बरं. आमचे मालक जैन. सांगलीजवळच्या खेड्यातलं शेतकरी घर, घरी कांदासुद्धा कमी. मी त्यांच्याकडं जाऊन म्हणाले, "तो जुना ऑइलस्टोन कपाटात पडलाय, मी घरी नेऊ का?"

"कशाला?"

खोटं बोलावं असं क्षणभर वाटलं. पण मी सांगून टाकलं, "सासूबाईंच्या गळांना धार लावायला. मासे धरायच्या."

मालकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "दगड न्या," ते म्हणाले. "त्यावर काय घासायचं ते तुमच्याकडं." आणि पुन्हा कामाला लागले. त्या दगडानं मी आजही गळांना धार लावते. मालकांनी नंतर कधी त्याची चौकशी केली नाही.

नवरात्र बसलं. आमच्या घरी नऊ दिवस मासळी-मटण नाही, त्यामुळं आत्या नदीवर जात नव्हत्या. पण गळांना धार लावायचं काम त्याच दिवसांत चालायचं. कामावर निघायच्या आधी आम्ही दोघी अंगणात बसायचो. घटातलं धान उगवून पिवळंधमक झालं होतं. देवीच्या गाण्याचा आवाज चावडीवरच्या कर्ण्यातून यायचा. अशाच एका सकाळी मी विचारलं, "आत्या, ह्ये गळ कुंकवाच्या करंड्यात कसे?"

त्यांनी करंड्याचं झाकण लावलं. मग सांगू लागल्या, कुणा दुसऱ्याच बाईची हकीकत सांगावी तशा.

त्यांचं माहेर कऱ्हाडच्या खालच्या अंगाला, नदीकाठच्या मळ्यात. वडिलांबरोबर लहानपणापासून गळ टाकायच्या. लग्न होऊन इथं आल्या, तर नवरा पलटणीत. घरात सासरे. बरोबर आणलेली काठी घेऊन आत्या एकदा घाट उतरल्या, आणि कुणीतरी घरी येऊन सांगितलं. सासऱ्यांनी काठी गुडघ्यावर मोडली आणि चुलीत घातली. त्या काठीवर त्या दिवशीच्या भाकरी भाजल्या.

"गळ मातुर मी पदराच्या गाठीत बांधले हुते," आत्या म्हणाल्या. "ते करंड्यात लपवले. कुंकू काढून ठेवलं दुसऱ्या डबीत. करंड्याला पुरुष हात लावत न्हाईत."

"मग?"

"मग काय? दर साली पाणी निवळलं की दुपारच्याला सगळी रानात गेली की मी काढायची. दगडावर घासायची. तेलात ठेवायची."

"काठी नसताना?"

"काठी नसताना."

"कशापायी आत्या?"

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी फारच साधी गोष्ट विचारत होते. "गंजले असते की."

किती वर्षं असं चाललं, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. एका रजेत मामंजी घरी आले. आरशापुढं दाढी करताना त्यांचा हात करंड्याला लागला, झाकण निघालं. आत चकाकणारे गळ. त्यांनी बायकोला विचारलं, हे कुणाचे? आत्यांनी सांगितलं, माझे. एवढ्या धारेचे? त्या म्हणाल्या, व्हय. दुसऱ्या दिवशी सकाळी मामंजींनी बांधावरच्या बेटातला बांबू तोडला, अंगणात बसून तासला, आणि वडील समोर पान खात बसले असताना काठी बायकोच्या हातात दिली. सासरे उठून आत गेले. आणि तेव्हापासून आत्या घाटावर बसू लागल्या.

मी दगड थांबवून ऐकत होते. आत्या लगेच म्हणाल्या, "हात चालू दे. तुला कामाला जायचंय न्हवं?"

कामाला जायचंय न्हवं. त्या बोलण्याकडं माझं लक्ष गेलं. पण मी स्वतःला बजावलं, याचा अर्थ लावू नकोस. आण्णा अजून विचारणार आहेत.

आण्णांनी पुन्हा विचारायच्या आधीच खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्याकडं हत्यारांची पूजा असते. घरातले वडील म्हणून ती आण्णाच करतात. सकाळी पाटावर धुतलेलं फडकं अंथरलं. कोयता, विळे, कुऱ्हाड, खुरपी, नांगराचा फाळ, मामंजींची पलटणीतली पट्ट्याची बकल, सगळं घासून मांडलं. दारात ट्रॅक्टरला झेंडूचा हार घातला. आण्णा सोवळं नेसून बसले. आणि आत्यांनी आतून करंडा आणला, झाकण काढलं, आणि गळ एकेक करून कोयत्याशेजारी मांडले.

"ह्ये काय?" आण्णा म्हणाले. "गळ काय हत्यार हाय व्हय? दरसाली तर मांडत न्हाईस."

"दरसाली मांडायला पायजे हुते," आत्या म्हणाल्या. "ऱ्हायलं. ह्या साली मांडती." आणि मग माझ्याकडं वळून, "वैशाली, तुझं काय हाय ते आण."

मला कळेना. "माझं काय, आत्या?"

"तू ज्याच्यावर काम करतीस ते. आण की, पूजा खोळंबलीया."

मी आत जाऊन पिशवीतून माझी कांडी आणली. लोणंदहून वडिलांनी नोकरी लागली तेव्हा दिलेली. छोटी लोखंडी कांडी, टोकाला हिऱ्याचा बारीक खडा बसवलेला. धार लावायचं चाक खडबडीत झालं की तिनं ते तासून सारखं करतात. लोखंडाला धार देणाऱ्या चाकालाच ती नीट करते. मी ती पाटावर ठेवली.

आण्णा खाली वाकले. "ह्ये काय चकाकतंय?"

"हिरा हाय आण्णा."

"खरा?"

"खरा. पण कामाचा. दागिन्यातला न्हाई."

आण्णांनी आत्यांकडं बघितलं. आत्या निरांजनाची वात सारखी करत होत्या. वातीकडं बघतच त्या म्हणाल्या, "आण्णा, तुमी थोरले हाय म्हणून पूजा तुमच्या हातनं. पण हिचं काम हिच्याकडंच ऱ्हाणार. मी लेकालाबी सांगितलंय. ऊस, गुरं माझं मी बघती, गडी हाय. हिला मला घरात बसवायची न्हाई."

बाहेर ट्रॅक्टरवरच्या झेंडूचा वास आत येत होता. आण्णांनी कुंकवात बोट बुडवलं. ते कोयत्याला लावलं, विळ्याला, फाळाला, बकलेला. गळांपाशी हात थांबला. मग प्रत्येक गळाला, टोक टाळून, त्यांनी कुंकू लावलं. शेवटी माझ्या कांडीला. आरती झाली. आण्णा चहा न घेताच उठून गेले.

मला तो दिवस आठवला की अजून छाती भरून येते. घराण्यात तलवारीला मान, बंदुकीला मान. त्या दिवशी त्याच पाटावर दोन बायकांची हत्यारं होती. आणि ती मांडायला त्यातल्या एकीला आपलं अर्धं आयुष्य वाट बघावी लागली होती. दुसरीला तिनं वाट बघू दिली नाही.

दसऱ्यानंतरच्या सुट्टीला आम्ही दोघी नदीवर गेलो. त्यांच्याबरोबर घाटावर बसायची माझी पहिलीच वेळ. सकाळचं ऊन पाण्यावर तिरपं पडलेलं. पलीकडच्या काठाला उसाचे फड हिरवेगार, त्यांच्यावरून बगळे जात होते. घाटापासून जरा पुढं पाणी संथ आहे, तिथं काठावरच्या झाडाच्या मुळ्या पाण्यात उतरल्यात. आत्यांनी माझ्या हातानं धार लावलेला गळ तंगुसाच्या दोऱ्याला बांधला, त्याला आमिष लावलं आणि मुळ्यांच्या कडेला टाकला. मग आम्ही बसलो.

बसणं हेसुद्धा शिकावं लागतं. मला शेडची सवय, तिथं हात थांबले की चुकल्यासारखं वाटतं. इथं काहीच करायचं नव्हतं. मोरपिसाचं देठ पाण्यावर डुलत होतं. बाया धुणी धोपटत होत्या. आत्या एकदाही माझ्याशी बोलल्या नाहीत, आणि मला एकटं वाटलं नाही.

देठ एकदम नाहीसं झालं. बुडालं म्हणायलाही वेळ मिळाला नाही. आत्यांनी काठी वर घेतली, काठी वाकली, आणि पाण्याखालून काहीतरी जडपणे मुळ्यांकडं ओढू लागलं. आत्यांचे हात थरथरायला लागले. मला कळलं की काठी त्यांच्या हातून सुटणार.

"धर," त्या म्हणाल्या. "मागनं धर."

मी त्यांच्या मागं उभी राहून, त्यांच्या हातांवर हात ठेवून काठी धरली. मासा सरळ खाली गेला. मी जीव खाऊन ओढलं.

"वढू नगंस!" आत्या ओरडल्या. "चालू दे त्येला. फकस्त मुळ्यांत जाऊ दिऊ नगं."

तो चालला. आम्ही दोघी त्याच्याबरोबर घाटाच्या पायरीवर सरकत गेलो, एकाच माणसासारख्या. बायकांनी धुणं सोडलं आणि उभ्या राहिल्या. एकदा तो वर उसळला, काळी पाठ आणि पिवळसर पोट चमकलं, आणि गळ सुटणार म्हणून मी काठी घट्ट आवळली. सुटला नाही. पुन्हा खाली गेला, पुन्हा आला. हळूहळू ओढ कमी झाली. आत्यांनी गुडघाभर पाण्यात उतरून, दोन्ही हातांनी कल्ल्यात बोटं घालून त्याला पायरीवर टाकला. चांगला दंडाएवढा मरळ.

धुणं धुणाऱ्या एका बाईनं विचारलं, "हवालदारीणकाकू, अवंदा गळ नवीन आणले व्हय? आदीचं समदं सुटत हुतं."

"गळ तेच," आत्या धापा टाकत म्हणाल्या, आणि माशाच्या जबड्यातून गळ काढायला वाकल्या. तो हाडात पक्का बसला होता. टोक मुरडलं नव्हतं.

त्या दुपारी घरात कालवणाचा घमघमाट सुटला. आत्यांनी पहिला वाडगा भरून झाकला आणि माझ्या हातात दिला. "आण्णांकडं दे." मी जरा घुटमळले. "जा की," त्या म्हणाल्या. मी गेले, चुलत सासूंच्या हातात वाडगा दिला आणि परतले. संध्याकाळी वाडगा धुऊन परत आला. त्यात ओल्या भुईमुगाच्या शेंगा होत्या, उकडलेल्या, मीठ लावून. आत्यांनी त्यातली एक फोडून खाल्ली आणि बाकीच्या मला दिल्या.

मग उसाच्या तोडीचे दिवस जवळ आले. टोळ्या गावात उतरण्याच्या जरा आधी, एका सकाळी मी स्कूटर काढत होते, तेवढ्यात आत्या तयार होऊन बाहेर आल्या. चांगलं लुगडं, डोक्यावर पदर, पायात चपला. "मला बी ने," म्हणाल्या.

"कुठं?"

"तुझ्या कामावर. बघायचंय."

मी त्यांना मागं बसवून कुपवाडला नेलं. वाटेत त्यांनी माझ्या खांद्यावरचा हात एकदाही काढला नाही. शेडच्या दारात पोचलो तेव्हा सगळी मशीनं चालू होती. आवाज, तेलाचा वास, ठिणग्या. मला वाटलं त्या बिचकतील. त्या सरळ आत आल्या, इकडंतिकडं न बघता माझ्यामागून माझ्या मशीनपाशी गेल्या आणि बघितलं की बसायला काहीच नाही.

मालक पुढं आले. त्यांनी हात जोडले. आत्यांनीही हात जोडले. घरातून निघताना मी सांगितलं होतं की मालक जैन आहेत, म्हणून आत्यांनी तिथं माशाचा, नदीचा, गळाचा एक शब्द काढला नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "आवं, ही दिसभर हुबीच असती व्हय? एखादं स्टूल द्या की हिला."

मालक हसले. आतून एक उंच लोखंडी स्टूल आणवलं. मी म्हणाले, "आत्या, तुमी बसा." त्या बसल्या, पदर सारखा केला. मी मशीन सुरू केलं. एक मोठं ड्रिल चढवलं, चाक टेकवलं, ठिणग्यांची पिचकारी उडाली. मधूनच मान वळवून बघितलं, तर आत्या टक लावून चाकाकडं बघत होत्या. ना डोळा हलला, ना हात. एक ड्रिल झालं, दुसरं झालं, जेवायची वेळ झाली, तरी त्या तशाच. शेजारच्या मशीनवरच्या माणसाला राहवलं नाही. त्यानं जवळ येऊन मोठ्यानं विचारलं, "आजी, तुमी कुठल्या? कुणाकडं आलाय?"

आत्यांनी माझ्यावरची नजर न काढता उत्तर दिलं, साऱ्या शेडला ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

"मी हिची सासू हाय."